घरच्या पीसीला विकतचा अँटीव्हायरस लागतो का? सगळे प्रकार वापरून झाल्यावरचं माझं मत

दहावी-बारावीचे निकाल लागले की लॅपटॉप खरेदीची लाट येते आणि दुकानदार बिल करताना लॅपटॉप, बॅग, वायरलेस माउस आणि त्याखाली गपचूप अँटीव्हायरस अशी ओळ टाकतो, तो काढा म्हणलं की "अहो दादा, नेट लावणार ना, मग व्हायरस येणारच, हजार रुपयांसाठी पन्नास हजाराचा लॅपटॉप कशाला धोक्यात घालताय" हे ठरलेलं वाक्य. मग तिथनंच, काउंटरवर उभं राहूनच मला फोन येतो, घेऊ का नको. मी काही सिक्युरिटीवाला नाही बरं का, नोकरी अकाउंट्समधली आहे, पण घरातले, सासरचे आणि आमच्या बिल्डिंगमधले निम्मे पीसी माझ्याच गळ्यात असतात त्यामुळं गेल्या काही वर्षांत फुकटचे, विकतचे, विंडोजमधला असे सगळे अँटीव्हायरस कुठल्या ना कुठल्या मशीनवर बघून झालेत. एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

आधीच सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथंच थांबू शकतील. विंडोज ओरिजिनल असेल, अपडेट होत असेल आणि घरात नेट चालू असेल तर विंडोजबरोबर आलेला डिफेंडर बास आहे, ते हजार रुपये दुसऱ्या कामाला लावा (कुठल्या ते खाली येईल). विकतचा घ्यावा अशी काही घरं नक्की आहेत, ती पण सांगतो. आणि बाहेरून डाउनलोड करायचा "फ्री" अँटीव्हायरस, तो मात्र तिन्हीत सगळ्यात वाईट सौदा, असं माझं स्पष्ट मत झालंय. लोकांना उलटं वाटतं, की पैसे नाहीत तर निदान फ्रीवाला तरी टाकू.

डिफेंडरबद्दल लोकांच्या डोक्यात अजून पंधरा वर्षांपूर्वीचं चित्र आहे. मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स म्हणून फुकट अँटीव्हायरस दिला होता, नंतर २०१२ ला विंडोज ८ आलं त्यात तोच डिफेंडर नावानं आतच बसवून दिला. सुरुवातीची काही वर्षं टेस्टमध्ये त्याची अवस्था खरंच वाईट असायची, त्यामुळं "तो काय कामाचा" हे वाक्य तेव्हा बरोबर होतं. आता नाही. जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरात एव्ही-टेस्ट नावाची लॅब आहे, ती संरक्षण, वेग आणि वापरायला सोपं या तीन गोष्टींना प्रत्येकी ६ असे १८ पैकी मार्क देते, त्यात हल्ली डिफेंडर संरक्षणात ६ पैकी ६ घेताना नेहमी दिसतो. म्हणजे ज्याचे पैसे द्यायचे त्या कंपन्यांच्याच रांगेत. त्याला वेगळी लायसन्स की लागत नाही, रिन्यूअल नाही, कोपऱ्यात येऊन "तुमचा पीसी धोक्यात आहे" म्हणून बोंबलत नाही. मला तर हा शेवटचा गुण सगळ्यात मोठा वाटतो.

पण दोष आहेत, ते पण सांगायला पाहिजेत. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही दुसरी लॅब नेट बंद ठेवून पण टेस्ट करते आणि तिथं डिफेंडर घसरतो, कारण त्याची बरीचशी अक्कल क्लाउडमध्ये, म्हणजे नेटवरच्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, नेट नसेल तर तो अर्धाच हुशार. दुसरं म्हणजे वेग. जुना पीसी, चार जीबी रॅम आणि फिरणारी हार्डडिस्क असेल तर स्कॅन सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल नावाचा डिफेंडरचाच एक प्रकार वर येऊन बसतो आणि डिस्क शंभर टक्क्याला टेकते, पीसी हँग झाल्यासारखा होतो. त्याला उपाय अँटीव्हायरस बदलणं नाही, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकणं आहे. एसएसडी टाकली की तोच पीसी असा पळतो की घरातले विचारतात नवीन घेतला काय. तिसरं, वेबसाइट अडवायचं काम स्मार्टस्क्रीन करतं आणि ते मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये, क्रोमवाल्यांनी क्रोमच्या स्वतःच्या सेफ ब्राउझिंगवर भरवसा ठेवायचा, ते पण वाईट नाही.

अजून एक, डिफेंडरमधली सगळ्यात कामाची गोष्ट मायक्रोसॉफ्टनं बंद करून ठेवलीय. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, एकदम खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन (रॅन्समवेअर म्हणजे फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस), त्यात कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस. २०१७ पासून आहे हे. चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा फोल्डरमधल्या फाईलींना हात लावता येत नाही. बंद का ठेवलंय ते चालू केल्यावर लगेच कळतं. बायको शाळेच्या प्रश्नपत्रिका एका जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करते, ते सेव्ह करायला गेलं की "फाईल सापडत नाही" असला काहीतरी भलताच मेसेज यायला लागला, फाईल तर समोर दिसतीय. प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये बघितलं तर तिथं ब्लॉक केल्याची नोंद. मग अलाऊ अॅन अॅप म्हणून त्या सॉफ्टवेअरची ईएक्सई फाईल दाखवून दिली, विषय संपला. दोन-चार प्रोग्रामला अशी परवानगी द्यावी लागते, नंतर शांत. ज्यांच्या पीसीवर पोरांचे लहानपणापासूनचे फोटो पडलेत त्यांनी हे चालू करून घ्याच. आणि हो, बाहेरचा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर बाजूला होतो आणि हे बटणही त्याच्याबरोबर जातं, हे दुकानदार सांगत नाही.

आता वर मी "विंडोज ओरिजिनल असेल तर" म्हणलं ते उगाच नाही. आपल्याकडं असेंबल केलेला पीसी घेतला की विंडोज "टाकून" मिळतं, म्हणजे पायरेटेड, ते सगळ्यांना माहितीय. ते अॅक्टिव्हेट करायचं जे टूल असतं त्याला डिफेंडर पकडतो, हॅकटूल म्हणून नाव देऊन उडवतो. मग इन्स्टॉल करणारा पोरगा काय करतो, डिफेंडर बंद करतो, टूल चालवतो आणि ते परत उडू नये म्हणून एक्सक्लुजनमध्ये टाकतो. एक्सक्लुजन म्हणजे इथं बघायचं नाही अशी यादी. बिल्डिंगमधल्या एका काकांचा पीसी सारखा जाहिराती दाखवतोय म्हणून बघायला गेलो, स्कॅन केलं तर सगळं हिरवं, एक पण धोका नाही. मॅनेज सेटिंग्जमध्ये जाऊन खाली एक्सक्लुजन्स उघडलं तर तिथं एकच ओळ होती, सी ड्राइव्ह. अख्खा. वॉचमन ठेवलाय पण त्याला सांगितलंय की गेटकडं सोडून कुठंही बघ. ती ओळ काढून परत स्कॅन लावलं तेव्हा जे काय निघालं ते बघून काका म्हणाले "अरे, हे सगळं माझ्याकडंच होतं?" त्यांनी तोवर दोन वेळा पैसे देऊन पीसी "क्लीन" करून घेतला होता.

सांगायचा मुद्दा असा की तुमच्या घरचा पीसी कुणीतरी फॉरमॅट करून दिला असेल तर आधी ती यादी बघा. रिकामी पाहिजे. आणि मुळात क्रॅक (असलं फुकटात अॅक्टिव्हेट करायचं टूल) टाकून त्यावर अँटीव्हायरस कुठला चांगला हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही, कारण क्रॅक चालवताना तुम्ही स्वतःच्या हातानं त्याला बाजूला व्हायला सांगता. एसटीओपी किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर घरगुती लोकांमध्ये इतकं पसरलं ते बहुतांश क्रॅक आणि कीजेन (खोटी लायसन्स की बनवणारं टूल) यांमधनंच. सगळे फोटो, सगळ्या वर्ड फाईली लॉक, नावाच्या शेवटी विचित्र शेपूट, आणि पैसे मागणारी एक टेक्स्ट फाईल. काही जुन्या प्रकारांना फुकट डिक्रिप्टर (लॉक उघडणारं टूल) निघाला पण नवीन प्रकारात ज्याची लॉक उघडायची की ऑनलाइन तयार झालीय त्याच्या फाईली कुणीच उघडून देऊ शकत नाही, "शंभर टक्के रिकव्हरी" म्हणणाऱ्या दुकानदारांना पैसे देऊ नका.

आता बाहेरचे फ्रीवाले. अॅव्हास्ट, एव्हीजी, अॅव्हिरा. एकेकाळी सायबर कॅफेत हेच असायचे, अॅव्हास्टचा तो "व्हायरस डेटाबेस अपडेट झालाय" असं बोलणारा आवाज आठवत असेल. पकडण्यात हे वाईट नाहीत, लॅबमध्ये मार्क चांगलेच असतात. अडचण वेगळी आहे. कंपनीला पगार द्यायचेत, तुम्ही तर पैसे देत नाही, मग ते कुठून तरी येणारच. अॅव्हास्टनं जंपशॉट नावाच्या उपकंपनीतनं लोक कुठल्या साइटवर जातात, काय शोधतात हा डेटा विकला, ते उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद करावी लागली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. मागं लागणारे ट्रॅकर अडवतो म्हणून लोकांनी जे टाकलं त्यानंच तुमची हिस्टरी शंभरावर कंपन्यांना विकली. त्यानंतर त्यांनी सुधारणा केली असेल, असू दे, पण डिफेंडर असताना मी का टाकू?

शिवाय पर्याय बरेच दिसतात पण मालक एकच आहे. अॅव्हास्टनं २०१६ मध्ये एव्हीजी घेतली, नॉर्टन हा विकतचा अँटीव्हायरस बनवणाऱ्यांनी अॅव्हिरा घेतली, आणि २०२२ मध्ये नॉर्टन आणि अॅव्हास्ट एक झाले, आता सगळ्यांची मिळून जेन डिजिटल. म्हणजे अॅव्हास्ट आवडला नाही म्हणून एव्हीजी टाकला तर पाटी बदलली, दुकान तेच. फ्रीमध्ये त्यातल्या त्यात बिटडिफेंडरचा साधा आणि कमी कटकटीचा आहे, रोमानियाची कंपनी, त्यांनी मध्ये फ्री बंद केला होता, २०२२ ला परत आणला. कुणाला बाहेरचाच पाहिजे असा हट्ट असेल तर मी तो सांगतो. आणि मालवेअरबाइट्सचं फ्री व्हर्जन म्हणजे कायमचा पहारा नाही, शंका आली की हातानं स्कॅन करायला चांगलं आहे, डिफेंडरबरोबर भांडत पण नाही. सुरुवातीला ते प्रीमियमची ट्रायल लावतं, ती संपू द्या, घाबरू नका.

विकतचा घेतला म्हणजे धुतल्या तांदळासारखा असं पण समजू नका. नॉर्टननं २०२१ मध्ये अँटीव्हायरसमध्येच इथेरियम हे डिजिटल चलन पीसी राबवून कमवायचं फीचर दिलं होतं, तुमचं ग्राफिक्स कार्ड, तुमची वीज, आणि कमिशन १५ टक्के त्यांना. कॅस्परस्की या रशियन अँटीव्हायरसवर अमेरिकेनं २०२४ मध्ये बंदी घातली, आपल्याकडं मिळतो तो विषय वेगळा, पण बंदीनंतर तिथल्या बऱ्याच ग्राहकांच्या पीसीवर कॅस्परस्की आपोआप जाऊन अल्ट्राएव्ही नावाचा दुसराच अँटीव्हायरस येऊन बसला, काही लोकांना वाटलं व्हायरसच आला. आणि १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइकचा गोंधळ तर सगळ्यांनी बघितला, तो कंपन्यांसाठीचा सिक्युरिटी प्रॉडक्ट आहे, घरचा नाही, पण एका चुकीच्या अपडेटनं ८५ लाख मशीन निळी स्क्रीन येऊन बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. अँटीव्हायरसला पीसीत सगळ्यात आतपर्यंत जायची मुभा असते. म्हणून तो जितके कमी हात लागलेला, तितका बरा, असं मला वाटतं.

मग विकतचा कुणी घ्यावा? ज्यांच्याकडं दिवसभर दुसऱ्याचे पेनड्राइव्ह लागतात त्यांनी. माझ्या एका मित्राचं घराच्याच पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तहसील कचेरीच्या रस्त्यावर. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे प्रोजेक्ट, आणि प्रत्येकाच्या हातात पेनड्राइव्ह, त्यातल्या कित्येकात तो शॉर्टकट व्हायरस. माहिती नसेल तर सांगतो, फोल्डर गायब होतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात, क्लिक केलं की फोल्डर पण उघडतं आणि मागनं व्हायरस पण पीसीत शिरतो, मग त्या पीसीला लावलेला प्रत्येक पुढचा पेनड्राइव्ह बाधतो. खऱ्या फाईली कुठं गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात, अॅट्रिब कमांड मारली की परत येतात. पण झेरॉक्सला दहा माणसं उभी असताना कमांड कोण मारणार. डिफेंडर फाईल उघडताना तपासतो, पण पेनड्राइव्ह लावल्या लावल्या अख्खा झाडून काढत नाही. आपल्याकडचे विकतचे अँटीव्हायरस याच कामात तरबेज आहेत कारण त्यांचं गिऱ्हाईकच ते आहे. त्यात लाइट गेली की राउटर पण गेला, लॅपटॉप चालू पण नेट नाही, तेव्हा डिफेंडरचा तो अर्धा हुशारपणा. मित्राकडं नेट प्रोटेक्टर नावाचा अँटीव्हायरस आहे, पुण्याचाच, बहुतेक झेरॉक्सवाल्यांकडं तोच दिसतो आणि त्याच्यासाठी तो बरोबरच आहे.

क्विक हील या दुसऱ्या विकतच्या अँटीव्हायरसचं तर काय सांगायचं, आमच्या साताऱ्याकडची माणसं. कैलाश काटकर आणि संजय काटकर, मूळचे रहिमतपूरकडचे. थोरले दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात लागले, मग कॉम्प्युटर दुरुस्ती, येणारे मशीन व्हायरसनं भरलेले असायचे म्हणून धाकट्यानं ते काढायचे प्रोग्राम लिहिले, त्यातनं १९९५ च्या सुमाराला क्विक हील निघाला, आणि २०१६ ला कंपनी शेअर बाजारात. अभिमान आहेच. पण अभिमान म्हणून पीसीवर टाकायचा का हा प्रश्न वेगळा. ज्यांना मी घ्या म्हणून सांगतो ते म्हणजे एकटे राहणारे वयस्कर लोक, ज्यांना काही झालं की फोन करून आपल्या भाषेत बोलणारं माणूस पाहिजे. डिफेंडरचं कस्टमर केअर नाही, तो फुकट आहे, पण फुकटात फोन उचलायला कुणी नाही. गावातल्या डीलरकडनं घेतला तर तोच पोरगा येऊन टाकून देतो, वर्षभर अधूनमधून बघून जातो. खरं म्हणजे हजार रुपये त्या पोराचे असतात, अँटीव्हायरसचे नाही, आणि तसं बघितलं तर स्वस्तच आहे.

टोटल सिक्युरिटी, मॅक्स सिक्युरिटी, असल्या महागड्या डब्यांमधल्या बाकीच्या गोष्टींसाठी मात्र पैसे घालू नका. पासवर्ड मॅनेजर ब्राउझरमध्ये फुकट आहे. पोरांवर नजर ठेवायला मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी फुकट आहे, वेळेची मर्यादा घालता येते. व्हीपीएन (नेट दुसऱ्या, खाजगी मार्गानं चालवायची सोय) म्हणून जे देतात ते बऱ्याचदा चाखण्यापुरतं, बिटडिफेंडरच्या बऱ्याच पॅकमध्ये दिवसाला २०० एमबी, त्यात एक पिक्चर पण होत नाही. पीसी ट्यूनअप म्हणजे टेम्परेरी फाईली उडवणं, ते विंडोज स्वतः करतं.

आणि रिन्यूअल. हा खरा सापळा. पहिल्या वर्षी "सत्तर टक्के सूट" असते, कार्ड टाकून घेतला की ऑटो रिन्यूअल आपोआप टिक झालेलं असतं आणि पुढच्या वर्षी पूर्ण किमतीनं पैसे कटतात. आमच्या मेहुण्याचे असेच एका परदेशी कंपनीला गेले, पहिल्या वर्षाच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि लॅपटॉप तर तोवर विकून पण झाला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डवरनं असं आपोआप कटायच्या निदान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, १५ हजारापर्यंत ओटीपी लागत नाही, म्हणजे अँटीव्हायरसची रक्कम विनाओटीपी जाणार. तो मेसेज आपण जाहिरात समजून सोडून देतो. त्यात कॅन्सल करायची लिंक असते. सगळ्यात सोपं म्हणजे दुकानातनं किंवा ऑनलाइन नुसती की घ्या, कार्ड कुठं साठवूच नका, संपली की परत घ्या, बहुतेक वेळा नवीन की रिन्यूअलपेक्षा स्वस्तच पडते.

नवीन लॅपटॉपबरोबर जी ट्रायल येते ती पण पहिल्या दिवशी काढून टाका. कंट्रोल पॅनलमधनं काढून जात नसेल तर त्या त्या कंपनीचं रिमूव्हल टूल असतं, ते चालवा, रिस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप उठतो. उठला का ते टास्कबारमधल्या ढालीवर हिरवी टिक आहे का बघून खात्री करा. दोन अँटीव्हायरस एकावर एक टाकून दुप्पट संरक्षण होत नाही, दोघं एकमेकांच्याच फाईली पकडत बसतात.

हल्ली मला येणारे निम्मे फोन तर व्हायरसचे नसतातच. उजव्या कोपऱ्यात खाली एखाद्या मोठ्या अँटीव्हायरस कंपनीचा लोगो लावून "तुमच्या पीसीत ५ व्हायरस, सबस्क्रिप्शन संपलं, आजच रिन्यू करा" असं येतं, दर दोन मिनिटांनी. वहिनी घाबरून म्हणाल्या, भाऊजी, आम्ही तर हा अँटीव्हायरस कधी घेतलाच नव्हता, मग संपला कसा? बरोबर प्रश्न होता. ते क्रोमचं नोटिफिकेशन असतं, कुठल्यातरी पिक्चर बघायच्या नाहीतर पीडीएफच्या साइटवर "रोबोट नसाल तर अलाऊ दाबा" म्हणून दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथं परवानगी दिलेल्या साइट दिसतात, अनोळखी सगळ्या काढून टाका. झालं. पैसे भरले असते तर बरेचसे त्या साइटवाल्याला कमिशन म्हणून गेले असते किंवा थेट चोराला.

आणि कुठलाच अँटीव्हायरस, लाख रुपयांचा घेतला तरी, तुम्ही स्वतः फोनवर सांगितलेला ओटीपी अडवू शकत नाही. "बँकेतनं बोलतोय, एनीडेस्क डाउनलोड करा" म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरनं टाकलेलं एनीडेस्क हे व्हायरस नाहीच, ते दुसऱ्याचा पीसी किंवा फोन लांबून चालवायचं ओरिजिनल सॉफ्टवेअर आहे, त्याला कोण कशाला पकडेल. डिजिटल अरेस्टचं तसंच. तिथं पैसे गेले तर लगेच, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायचा, हा नंबर घरातल्या म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, अँटीव्हायरस टाकायच्या आधी.

ते वाचलेले हजार रुपये, तर त्यात अजून घालून एक टीबीची बाहेरची हार्डडिस्क घ्या. अँटीव्हायरसच्या काही वर्षांच्या रिन्यूअलच्या पैशात येते. महिन्यातनं एकदा फोटो आणि कागदपत्रं कॉपी करायची आणि डिस्क काढून कपाटात. काढून, हे महत्त्वाचं, कारण कायम लावून ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाईली पण लॉक करतं. वडील म्हणतात गुगलवर असतात की फोटो, पण तिथले पंधरा जीबी कधीच भरलेत.

व्हायरस आलाच आहे अशी शंका असेल तर लगेच विकत घ्यायला पळू नका. आधी विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन आहे तो लावा, पीसी रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी साधारण पंधरा मिनिटं स्कॅन होतो, लपून बसलेलं त्यात बाहेर येतं. शिवाय भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून चालू, त्यांच्या साइटवर क्विक हील वगैरे कंपन्यांनी बनवलेली बॉट (पीसी परस्पर ताब्यात घेणारे व्हायरस) काढायची टूल फुकट मिळतात. कुणाला माहितीच नसतं.

राहिला विंडोज १० चा प्रश्न, कारण घरोघरी अजून तेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. डिफेंडरला व्हायरसच्या व्याख्या (नवीन व्हायरस ओळखायची माहिती) मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलंय, त्यामुळं दुकानदार "आता अँटीव्हायरस घ्यावाच लागेल" म्हणतात ते धड खरं नाही. विंडोजमध्येच भोक राहिलं तर वरनं कुठलाही अँटीव्हायरस लावून ते बुजत नाही. २०१७ चं वॉनाक्राय रॅन्समवेअर आठवा, त्याचं पॅच (भोक बुजवणारं अपडेट) मार्चमध्येच आलं होतं, मेमध्ये आडवे झाले ते अपडेट न करणारे. म्हणून आधी अपडेट विभागात जाऊन एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेटला (सपोर्ट संपल्यावरही मिळणारे सुरक्षेचे अपडेट) नाव नोंदवा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, नाहीतर ३० डॉलर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतं. वडिलांच्या पीसीवर तेच करून ठेवलंय. त्यानंतर त्या पीसीवर विंडोज ११ चढणार नाही, प्रोसेसर जुना आहे, मग बँकेचं काम फोनवर आणि पीसी फक्त पत्ते खेळायला आणि यूट्यूबला, असं घरात ठरलंय, वडिलांनी अजून हो म्हणलेलं नाही.